सरासरी तीच, संकट निराळे

प्रशासनात आपण सरासरीवर फार विसंबतो. विम्याच्या व्यवहारात मात्र सरासरी ही केवळ सुरुवात असते. वर्षभरात किती दावे येतील याचा अंदाज बांधताना त्या सरासरीभोवती कोणते संख्याशास्त्रीय वितरण गृहीत धरायचे, हे आधी ठरवावे लागते. वरकरणी तांत्रिक वाटणाऱ्या या निवडीत एक प्रशासकीय प्रश्न दडलेला आहे, असे मला वाटते: माणसांवर संकटे एकेकट्याने येतात, की एकदम?

पहिला पर्याय बहुधा पॉयसन वितरणाचा असतो. बोर्टकीविच यांनी १८९८ मध्ये प्रशियन सैन्यात घोड्याची लाथ लागून झालेल्या मृत्यूंचा हिशेब मांडला. १० दलांच्या २० वर्षांच्या नोंदींत १२२ मृत्यू आढळले. सरासरी ०.६१ आणि प्रचरण, म्हणजे सरासरीभोवतीच्या फैलावाचे माप, तेही जवळजवळ तेवढेच. परस्परांशी संबंध नसलेल्या घटनांची हीच खूण.

मी राहतो त्या मयूर विहारातील मोटारविम्याचे दावे साधारण याच जातीचे. एकाची गाडी घासली म्हणून शेजाऱ्याची घासत नाही. काही चालक बेफिकीर, काही सावध, म्हणून फैलाव थोडा वाढतो. त्यासाठी ऋण द्विपद वितरण आहे. ग्रीनवुड आणि यूल यांनी १९२० मध्ये कारखान्यांतील अपघातांना ते लावून दाखविले.

परंतु याच वसाहतीला लागून यमुनेचा खादर आहे. १३ जुलै २०२३ रोजी जुन्या लोहपुलापाशी पाणी २०८.६६ मीटरवर चढले आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला. खादरातील कुटुंबे रस्त्याकडेच्या तंबूंत आली. तेथील शेते एकेक करून बुडाली नव्हती.

समजा, १००० विमाधारक आहेत आणि वर्षाला सरासरी १०० दावे येतात. पॉयसनच्या हिशेबाने बहुतेक वर्षी ते ८० ते १२० च्या दरम्यान राहतील. पुराच्या बाबतीत मात्र ९ वर्षे एकही दावा नाही आणि दहाव्या वर्षी हजारच्या हजार, असेही घडू शकते. सरासरी तीच १००, पण तिच्या आधारे केलेली तरतूद त्या एका वर्षी पार कोलमडेल. अशा ठिकाणी दावे मोजण्याआधी पूर किती वेळा येतो हे मोजावे लागते, आणि मग एका पुरात किती जण सापडतात हे.

पीकविम्याचे दुखणे हेच आहे, कारण दुष्काळ बांध पाहून थांबत नाही. २०२० मध्ये बीड जिल्ह्यात कंपनीचे दायित्व जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत मर्यादित करून पुढचा भार राज्य शासनाने स्वीकारला. दावे कमी आले, तर २० टक्के स्वतःकडे ठेवून उरलेली रक्कम कंपनीने परत करावयाची. त्या वाईट वर्षाचा भार कोणी उचलायचा, हे कोणतेही वितरण सांगत नाही. ते शासनालाच ठरवावे लागते. म्हणूनच विम्याच्या प्रस्तावात सरासरी दाव्यांच्या रकान्याशेजारी सर्वांत वाईट वर्षाचा रकाना असलाच पाहिजे, असा माझा आग्रह असतो.