आबिड्सचा मध आणि नल्लमलचा धूर

हैदराबादला गेला आणि आबिड्सला गेला नाही, असा आपल्या सीमाभागातला माणूस विरळाच. लग्नाचं कापड असो, शाळा-कॉलेजची पुस्तकं असोत, बिदर-भालकी, उदगीर-देगलूरकडच्या घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय तीच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मराठवाडा, बिदर, गुलबर्गा, रायचूर हे सगळे एकाच हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे राजधानीचा बाजार तो आपला बाजार. सहाव्या निजामाच्या, मीर महबूब अली खान यांच्या, पदरी असलेल्या अल्बर्ट आबिद याने इथे दुकान थाटलं आणि त्याचं नाव या भागाला कायमचं चिकटलं.

रविवारी आबिड्सची मोठी दुकानं बंद असतात, पण फूटपाथ जागे होतात. जुन्या पुस्तकांचे ढीग पसरतात. जी.पी.ओ.च्या चौकात नेहरूंच्या पुतळ्याजवळ उभं राहिलं की एकाच वेळी तेलुगू, दखनी, मारवाडी कानावर पडते आणि थोडं थांबलं तर आपली मराठी आणि कन्नडही. याच गर्दीत कधीतरी एखादा मधवाला भेटतो. बादलीत मधाचं पोळं, त्यावर भिरभिरणाऱ्या दोन-चार माशा आणि तोंडात "असली जंगल का शहद है, साब!" मागच्या खेपेला आमच्या वहिनींनी बोटावर थेंब घेऊन चाखला. त्यांचं माहेर कलबुर्गीचं. मधवाल्याला कळू नये म्हणून त्या कन्नडमध्ये पुटपुटल्या, "इदु जेनुतुप्प अल्ल, बेल्लद पाक!" म्हणजे मध कसला, गुळाचा पाक! मधवाला मात्र हसला. त्याला कन्नड येत होतं. "अम्मा, पाक नाही, नल्लमलचा आहे," असं त्याने कन्नडमध्येच सांगितलं.

तो मध खरा होता की नाही, ते सोडून देऊ. नल्लमलचं नाव मात्र त्याने उगीच घेतलं नव्हतं.

भ्रमरांबेचं अरण्य

आबिड्सची खरेदी आटोपून इमलीबनच्या बस स्थानकावरून श्रीशैलमची गाडी धरणं हा आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांचा ठरलेला कार्यक्रम. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. मन्ननूरचा नाका ओलांडला की अमराबाद व्याघ्र प्रकल्पाचं जंगल लागतं. २६०० चौरस किलोमीटरहून मोठं हे रान, आणि रात्री या रस्त्यावर वाहनांना बंदी असते. कृष्णेपलीकडे आंध्रातही तेच नल्लमलचे डोंगर चालू राहतात.

श्रीशैलमला मल्लिकार्जुनाबरोबर भ्रमरांबा आहे. भ्रमर म्हणजे भुंगा. अरुणासुराला वर होता की दोन पायांच्या वा चार पायांच्या कुणाकडूनही मरण येणार नाही. तेव्हा देवीने सहा पायांच्या भ्रमरांची फौज सोडली आणि त्याला संपवलं, अशी कथा आहे. देवळाच्या मागच्या भिंतीच्या छिद्राला कान लावला तर आजही गुणगुण ऐकू येते, असं भाविक सांगतात. आपल्या बायका कान लावतात आणि मुलांनाही लावायला सांगतात.

या जंगलात राहणारे चेंचू लोक पिढ्यान्‌पिढ्या कंद, फळं आणि मध गोळा करत आले. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी त्यांच्यावर लिहिलेलं पुस्तक १९४३ मध्ये निघालं. कड्यावर लोंबणाऱ्या मोहोळापर्यंत चेंचू दोराने उतरतात. वरचा दोर बायकोच्या भावाने धरायचा, अशी रीत सांगतात. बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात, तो दोर सोडणार नाही!

हे मोहोळ असतं आग्या माशीचं. कन्नडमध्ये हिला 'हेज्जेनु' म्हणतात, म्हणजे मोठा जेनु. मराठीने तिच्या डंखाची आग लक्षात ठेवली, कन्नडने तिचा आकार. ही माशी पेटीत राहत नाही. उंच झाडाला, कड्याला किंवा इमारतीच्या छज्जाला एकच मोठं पोळं उघड्यावर लटकवते आणि हजारो माशा त्यावर पडद्यासारख्या बसून आतल्या पिल्लांना ऊन-वाऱ्यापासून जपतात.

धुराचा अर्थ

मधपाळ पेटी उघडण्याआधी थोडा धूर देतो, हे अनेकांनी पाहिलं असेल. धुराने माशा 'झिंगतात' अशी समजूत आहे, ती खरी नाही. दोन गोष्टी घडतात. पहिली अशी, की डंख मारणारी माशी एक वास सोडते. पिकलेल्या केळ्यासारखा हा वास म्हणजे इतरांना 'धावा' अशी हाक. धुरात ही हाक विरून जाते. दुसरी गोष्ट अधिक जुनी आहे. धूर म्हणजे वणवा जवळ आला, हे माशीला उपजत कळतं. ती घाईने मध पोटात भरते. घर सोडायची वेळ आलीच तर वाटेसाठी शिदोरी हवी. पोट भरलेली माशी जड होते आणि सहसा डंख मारत नाही.

म्हणजे मधपाळाचा धूर ही एक छोटीशी हूल असते. तो थोडका धूर देतो, काम उरकतो, झाकण लावतो, आणि माशा पुन्हा कामाला लागतात.

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली तेव्हा हेच दिसलं. शेजारच्या एका खालच्या छपरावर तीन मधपेट्या होत्या. ज्वाळा तिथवर पोचल्या नाहीत, धूर मात्र पोचला. माशा मध पिऊन पेट्यांतच थांबल्या आणि वाचल्या. मेण साधारण ६३ अंशांना वितळतं. आतली उष्णता तिथवर गेली असती तर पोळ्यासकट सगळं संपलं असतं.

जंगलात मात्र हूल नसते, खरोखरच वणवा असतो. कन्नडमधला 'काड्गिच्चु'. प्रौढ आग्या माशा आणि राणी उडून जाऊ शकतात. अंडी, अळ्या, कोष पोळ्यातच राहतात. त्यांना साधारण ३४-३५ अंशांची ऊब लागते, त्याहून फार जास्त उष्णता सोसत नाही. झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या सातेरी माशीची दुसरी अडचण असते. जुनं पोकळ झाड आतून पेटलं की घरच जातं, आणि तशी ढोली तयार व्हायला कित्येक वर्षं लागतात. उडून गेलेल्या थव्यालाही नवी जागा सापडली तरी भोवतीचा फुलोरा होरपळलेला असतो. पोटातली शिदोरी थोडे दिवस पुरते, मग उपास. झपाट्याने सरकून गेलेल्या हलक्या आगीनंतर पावसाळ्यात रानात पुन्हा हिरवळ आणि फुलं येतात, हेही खरं. पण दरवर्षी तेच रान जळत राहिलं तर फुलणारी लहान झाडं मोठी व्हायलाच सवड मिळत नाही.

दक्षिणेतल्या पानगळीच्या रानांत वणव्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. २०१९ च्या फेब्रुवारीत कर्नाटकातल्या बंडीपूरला लागलेल्या आगीत हजारो एकर जंगल होरपळलं. नल्लमलमध्येही उन्हाळ्यात आगी लागतात. वन खातं जाळरेषा काढतं, पहारे ठेवतं. तरी मोहासाठी जमीन साफ करायला लावलेला जाळ, फेकलेली बिडी, न विझवलेली चूल यांतून आग पसरते. मधासाठी पेटवलेली मशालही त्यात आली. मशालीने मोहोळ जाळायचं, अख्खं पोळं कापायचं, ही जुनी रीत माशा मारते, पिल्लं मारते आणि खाली ठिणग्या पाडते.

याला पर्याय आहे. आग्या माशी मध पोळ्याच्या वरच्या एका कोपऱ्यात साठवते, पिल्लं बाकीच्या भागात असतात. जाळीचा पोशाख घालून, थोड्या धुरावर, फक्त मधाचा भाग कापला तर पोळं टिकतं आणि त्याच ठिकाणी पुन्हा मध मिळतो. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मेळघाटातल्या कोरकूंना ही पद्धत शिकवली. चेंचूंमध्येही असं प्रशिक्षण झालं आहे. गिरिजन को-ऑपरेटिव्ह कॉर्पोरेशन १९५६ पासून आदिवासींकडून मध व इतर वनोपज घेत आलं आहे.

छज्जावरचे पाहुणे

हैदराबादेत उंच इमारतींच्या छज्जाखाली, पाण्याच्या टाक्यांखाली आग्या मोहोळं दिसतात. आपल्या सोलापूर-बेळगावातही दिसतात. तिथे आग नाही, पण धूर आहे, गाड्यांचा. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी याच हेज्जेनुवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रदूषित भागांतल्या माशा फुलांवर कमी जात होत्या, त्यांच्या अंगावर धुळीचे कण होते, हृदयाच्या ठोक्यांत फरक पडला होता. मध्यम आणि जास्त प्रदूषित ठिकाणांहून पकडलेल्या माशांपैकी ८० टक्क्यांहून अधिक चोवीस तासांत मेल्या. हीच हवा चौकात उभे असलेले आपणही छातीत घेतो.

मोहोळ दिसलं की आपल्याकडे पहिला विचार धुराचा होतो. तो टाळावा. उघड्यावर बसलेल्या माशांचा पडदा धुराने फुटतो आणि त्यातल्या काही सरळ अंगावर येतात. होमाचा, चुलीचा किंवा फटाक्यांचा धूर वर जाऊन मांडवातल्या लोकांवर माशा तुटून पडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पोळं उंच आणि वाटेबाहेर असेल तर राहू द्यावं. या माशा हंगामानुसार जागा बदलतात, स्वतःहूनच जातात. दारात किंवा शाळेजवळ असेल तर जाणकार मधपाळाला बोलवावं. माशा अंगावर आल्याच तर हात न झटकता, तोंड झाकून, धावत घरात शिरावं आणि दार लावावं. काटा रुतला तर लगेच खरवडून काढावा. डंख बरेच असतील किंवा श्वास लागला, तर दवाखान्याला उशीर करू नये.

महाशिवरात्रीला आणि उगादीच्या आधी आपल्या भागातून कितीतरी लोक श्रीशैलमला निघतात, काही जण पायी नल्लमल ओलांडतात. वणव्याचे दिवस नेमके तेच. रानातून जाताना जाळ शक्यतो पेटवूच नये. दशम्या, चटणी, शेंगदाण्याची पोळी असं टिकाऊ बरोबर घ्यावं. मुक्कामाच्या ठरलेल्या जागी चूल मांडलीच, तर राखेवर पाणी ओतून हात लावून पाहावं आणि ती थंड झाल्यावरच निघावं. बिडी-सिगारेट नाक्याच्या अलीकडेच संपवावी. आणि परतताना आबिड्सला मध घ्यायचा झाला, तर भावाआधी एवढं विचारावं: पोळं कापलं की जाळलं?