विंडोज ११ आणि आमचं जुनं साम्राज्य

जुना कॉम्प्युटर गेम नव्या विंडोजवर चालवणं म्हणजे एखाद्या पेन्शनर सुभेदार साहेबांना पुन्हा ड्रिल स्क्वेअरवर उभं करण्यासारखं आहे. कवायत अंगात पक्की असते, पण मधल्या काळात वर्ड ऑफ कमांड बदललेले असतात आणि जुन्या स्टोअरमधलं निम्मं सामान कंडेम झालेलं असतं. यंदाच्या दिवाळीत जबलपूरच्या क्वार्टरमध्ये तीन रात्री मी हेच करत होतो.

खेळ कोणता, हे आमच्या काळातल्यांनी ओळखलंच असेल. एज ऑफ एम्पायर्स २. टेक्सासमधल्या एन्सेम्बल स्टुडिओजने बनवलेला, मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये बाजारात आणलेला. २००० साली त्याची ‘द कॉन्करर्स’ ही पुरवणी आली. महूला आम्ही कॅप्टन म्हणून डिग्री कोर्स करत होतो तेव्हा, म्हणजे २००७ च्या सुमारास, हॉस्टेलच्या व्हरांड्यातून केबल ओढून आम्ही आपलं खासगी लॅन टाकलं होतं. दिवसा सिग्नल प्रोसेसिंग, रात्री ब्लॅक फॉरेस्ट. त्या खेळात तेव्हा भारतीय राज्य एकही नव्हतं, म्हणून आमचे लोक हत्तींसाठी इराणी घ्यायचे. हत्ती दिसला की आपलं वाटायचं, एवढंच.

यंदा वहिनी आणि चिरंजीव पुण्याहून चार दिवस आले होते. वहिनी म्हणजे माझ्या कोर्समेटची पत्नी. खडकवासल्याला आम्ही एकाच स्क्वाड्रनमध्ये, पुढे महूला शेजारच्या खोलीत. उत्तरेतल्या एका चौकीच्या वाटेवर बर्फाचा कडा सुटला, त्याला आता अकरा वर्षं झाली. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता, आता अकरावीत आहे. वडिलांविषयी त्याला सगळे सांगतात ते एकाच आवाजात, हार घालताना बोलतात त्या आवाजात. त्या आवाजाचा त्याला कंटाळा आलाय, हे तो बोलत नाही, पण कळतं.

त्याने सॅकमधून एक जुनी हार्ड डिस्क काढली. ८० जीबीची, रुंद पट्टीच्या केबलची. “काका, ही बाबांच्या डेस्कटॉपची. चालते का बघा ना.” बाजारातून त्या जुन्या डिस्कला यूएसबी लावायचा अडॅप्टर आणला. डिस्क किरकिरत फिरली. लग्नाआधीचे फोटो, किशोरकुमार, एक अर्धवट प्रोजेक्ट रिपोर्ट आणि खेळाचा फोल्डर. त्यात बारा फाइल, शेवटी ‘एमजीएक्स’ लिहिलेल्या. खेळ सुरू करताना ‘रेकॉर्ड गेम’वर खूण केली की तयार होतात त्या.

मुलाच्या लॅपटॉपवर या खेळाची २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन होती. सुंदर आहे, झाडं हलतात, पाणी चमकतं, आता तर बंगाली, द्रविड आणि गुर्जरसुद्धा आहेत. त्याला वाटलं, त्यातच या फाइल उघडतील. नाही उघडल्या. “व्हिडिओच आहे ना काका, मग प्लेअर बदलून बघू.”

व्हिडिओ नाही, हीच तर गंमत आहे. दीड तासाचा डाव, आणि फाइल दोन-तीन एमबीची. एवढ्यात चित्र कसं मावेल? खेळ बनवणाऱ्यांपैकी दोघांनी २००१ मध्ये एक लेख लिहिला होता, ‘२८.८ वर १५०० तिरंदाज’ अशा अर्थाच्या नावाचा. २८.८ म्हणजे त्या वेळच्या मोडेमचा वेग. एवढ्या अरुंद तारेतून आठ खेळाडूंच्या शेकडो सैनिकांची जागा, तब्येत, दिशा सतत पाठवणं अशक्य. म्हणून त्यांनी ठरवलं की सैन्य पाठवायचंच नाही, फक्त हुकूम पाठवायचे. ‘हे पाच भाले त्या टेकडीकडे.’ प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर तीच लढाई स्वतंत्रपणे लढली जाते, त्याच आकडेमोडीने, त्याच फाशांनी. साधारण २०० मिलिसेकंदांची एक पाळी, आणि या पाळीत दिलेला हुकूम दोन पाळ्यांनंतर सगळीकडे एकदम अमलात. रेडिओ नेटवर एकाच एच-अवरला सगळ्यांनी निघावं तसं. एका मशीनवर एक हरीण किंचित वेगळ्या जागी उभं राहिलं, तरी काही मिनिटांनी एखाद्या शिकाऱ्याचा भाला चुकतो, मांस येत नाही, आणि तिथून दोन्ही जगं वेगळी होतात. मग पडद्यावर ‘आउट ऑफ सिंक’. हे वाक्य महूला आम्ही मेसच्या डाळीबद्दलही वापरायचो.

रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीची मांडणी असते आणि पुढे हेच हुकूम. बुद्धिबळाच्या डावाची नोंद असते तशी. नोंदीतून डाव पुन्हा मांडायला नियम तेच हवेत. उंटाची चाल जरा बदलली तर नोंद निरर्थक. म्हणून नवी, देखणी आवृत्ती इथे कामाची नव्हती. तोच जुना खेळ, त्याच पॅचसकट, या लॅपटॉपवर उभा करायचा होता.

पहिली अडचण तोंडातच: लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. बाहेरून लावायचा मिळतो, तो माझ्याकडे होता. माझी मूळ सीडी सात पोस्टिंग आणि काळ्या ट्रंकांमधून तगली आहे, याचं श्रेय सौभाग्यवतींना. दुसरी अडचण डायरेक्टप्ले. हा मायक्रोसॉफ्टचाच जुना भाग, खेळांना नेटवर्कवर एकमेकांशी बोलता यावं म्हणून केलेला. विंडोज ८ पासून तो आपोआप बसत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये जा, ‘लेगसी कंपोनंट्स’ उघडा, तिथे डायरेक्टप्लेवर टिक करा. वेटरन सरांपैकी कोणाला नातवंडांबरोबर खेळायचं असेल तर एवढं केल्याशिवाय पुढे जाऊ नका. घरातल्या दोन मशीनवर खेळायचं असेल तर फायरवॉलमध्ये खेळाला परवानगी द्या. आणि जे अजून नोकरीत आहेत त्यांना सांगायला नकोच, पण सांगतो: हे सगळं स्वतःच्या लॅपटॉपवर. सरकारी मशीनकडे बघायचंसुद्धा नाही.

तिसरी अडचण रंगांची. हा खेळ २५६ रंगांच्या पेटीतून रंगवतो. कोणत्या खणात कोणता रंग, हे खेळ ठरवतो. नव्या विंडोजला ही पेटी जुनाट वाटते, मध्येच विंडोजचा डेस्कटॉप खणांतले रंग बदलून टाकतो आणि गवत लाल, पाणी जांभळं दिसायला लागतं. महूलाच एकाने हौसेने व्हिस्टाचा लॅपटॉप घेतला आणि त्याच्या नकाशावर रक्ताचं कुरण पसरलं. तेव्हाचा उपाय रांगडा होता: टास्क मॅनेजर उघडायचा, एक्सप्लोरर बंद करायचा, मग खेळ सुरू. टास्कबारसकट डेस्कटॉप गायब, पण गवत हिरवं. आता हौशी लोकांनी लिहिलेली एक छोटी फाइल मिळते, सीएनसी-डीड्रॉ नावाची. ती खेळाच्या फोल्डरमध्ये टाकली की जुन्या चित्रभाषेचं नव्या ग्राफिक्स कार्डासाठी भाषांतर करते. ती टाकली आणि गवत हिरवं झालं.

शेवटी पॅच. सीडीवरची कॉन्करर्स मूळ आवृत्ती, आणि आम्ही खेळायचो १.०सी, म्हणजे शेवटची अधिकृत दुरुस्ती. त्याशिवाय नोंद नीट चालेना. पॅचची फाइल कुठे मिळाली, तर त्याच डिस्कवर, ‘सगळ्यांना द्यायचे’ नावाच्या फोल्डरमध्ये. अक्षरं रोमन, स्वभाव त्याचा. एनडीएतही टॅक्टिक्सच्या नोट्स तो असाच वाटायचा.

तिसऱ्या रात्री पहिली फाइल उघडली. या रेकॉर्डिंगमध्ये एक सोय आहे. ज्याच्या मशीनवर नोंद झाली त्याचा पडदा कुठे कुठे फिरला, तेही फाइलमध्ये असतं. व्ह्यू लॉक केला की आपण त्याच्या नजरेने बघतो. मी आणि तो एका बाजूला, समोर दोघे. त्याचा निळा, माझा पिवळा.

मुलगा माझ्या खांद्याशी टेकून बघत होता. “बाबा एवढे हळू खेळायचे?” हळूच खेळायचा तो. मेंढ्या शोधायला घोडा पाठवला की घोडा कुठे जातोय ते बघत बसायचा. भिंत घालताना एक खुंट सोडायचा नाही. आणि दर थोड्या वेळाने पडदा त्याच्या गावावरून उडून नकाशाच्या दुसऱ्या टोकाला यायचा, माझ्या पिवळ्या गावाच्या पडक्या दारापाशी. एक हुकूम नाही, काही नाही. बघायचा, परत जायचा. दीड तासात किती वेळा आला, ते मी मोजायला लागलो आणि मग मोजणं सोडलं. त्या वेळी मला यातलं काहीही दिसत नव्हतं. माझ्याकडे त्याचे फक्त हुकूम येत होते.

साधारण एकविसाव्या मिनिटाला सगळं थांबलं. पडदा एका गव्हाच्या शेतावर. माणसं रिकामी उभी, टाउन सेंटरमध्ये काही तयार होत नाही. मुलगा म्हणाला, “हँग झालं का काका?” हँग नव्हतं, घड्याळ चालू होतं, माझे पिवळे लोक लाकूड तोडत होते. खाली चॅटमध्ये माझाच मेसेज आला, ‘कुठे मेलास’. तो शब्द पडद्यावर आला तसा मी माउसकडे हात नेला, पण मुलगा हसत होता. दोन मिनिटांनी उत्तर आलं, ‘फोन’.

वहिनी दारात उभ्या होत्या, हातात चकल्यांचा डबा. त्यांनी विचारलं, “भाऊजी, कुठल्या महिन्यातलं आहे हे?” फाइलची तारीख बघितली. ऑक्टोबर २००७, रात्री साडेदहा.

“मीच असणार,” त्या म्हणाल्या. “साखरपुडा झाला होता नुकताच. दहानंतरच करायचे मी फोन, आई झोपल्यावर.” आणि मग मुलाला, “मागे घे रे जरा.”

मागे घेता येत नाही. हुकुमांची नोंद पुढेच चालते. मागचं बघायचं तर पहिल्या मिनिटापासून पुन्हा डाव मांडावा लागतो. मुलाने तो मांडला, वेग वाढवला आणि एकविसाव्या मिनिटाला नेहमीच्या वेगावर आणला. वहिनी खुर्ची ओढून बसल्या. त्या रिकाम्या शेताची दोन मिनिटं आम्ही तिघांनी चकल्या खात बघितली.

सकाळी मी खेळ, पॅच, रंगांची ती फाइल आणि बारा एमजीएक्स दोन पेनड्राइव्हवर घेतल्या, एक त्यांना, एक मला. कागदावर पायऱ्या लिहून दिल्या. मुलाला कागदाची गरज नव्हती, पण वहिनींनी घडी करून पर्समध्ये ठेवला. गाडीला दोन तास होते, म्हणून आणखी एक फाइल उघडली. त्यात तो माझ्या विरुद्ध होता. पडदा त्यातही माझ्या दारापाशी यायचा, पण या वेळी मागे हत्ती होते.