बर्फांतील वाट

ऑस्लो शहरीं आमचें बिऱ्हाड होऊन तीन वर्षें लोटलीं, तरी तेथील हिंवाळ्याशीं आमची ओळख खिडकीच्या कांचेंतूनच होती. डिसेंबरांत दिवस अवघा सहा तासांचा. रविवारीं शेजारीपाजारी खांद्यावर स्की टाकून डोंगराकडे निघत व आम्ही चहाचा पेला हातीं घेऊन पाहत बसत असूं. आमची नऊ वर्षांची कन्या शाळासोबतिणींबरोबर जाई. एके दिवशीं ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसते पोहोंचवायलाच कां येतां?" प्रश्न मनाला लागला. मुलगी ज्या देशाची होत होती, त्याच्या उंबरठ्याबाहेरच आम्ही उभे होतों.

शेजारच्या वृद्ध बाईंनीं 'स्कीफोरेनिंगेन' ह्या मंडळाचें नांव सुचविलें. हें मंडळ १८८३ सालीं स्थापन झालेलें. आपल्याकडील एखाद्या जिमखान्याप्रमाणें शिफारस लागेल, ह्या धास्तीनेंच आम्हीं चौकशी केली. पण वर्गणी भरली आणि सभासद झालों! नवल पुढेंच आहे. शहराभोंवतींच्या 'मार्का' ह्या अरण्यांत मंडळ यंत्रांनीं बर्फ दाबून वाटा तयार करितें. त्या वाटांवर सभासद नसलेल्यासही मुक्त संचार. "मग वर्गणी द्यावयाची कशाला?" आम्हीं विचारलें. बाई हंसून म्हणाल्या, "तुमच्या आधीं कोणी दिली, म्हणून आज वाट आहे." आम्हांस आपल्याकडची पाणपोई आठवली.

प्रौढांच्या वर्गांत पहिला धडा चालण्याचा नव्हे, पडण्याचा. पडावें तें कुशीवर. मग दोन्ही स्की उतारास आडव्या करून गुडघ्यावर यावें व उठावें. पन्नाशीच्या गृहस्थास चारचौघांत पडण्याची लाज फार. परंतु किती वेळां पडलों, तें मोजणें आम्हीं लवकरच सोडलें; कोणी हंसलें नाहीं.

फेब्रुवारींत एका रविवारीं आम्ही बापलेक विजेच्या गाडीनें फ्रोग्नरसेटेरेन ह्या शेवटच्या स्थानकावर उतरलों. तांबड्या खुणा हिंवाळी वाटेच्या, निळ्या उन्हाळी पाऊलवाटेच्या, हें कन्येनेंच समजाविलें. बर्फांतील जोडखांचांत स्की ठेवतांच रुळांवरील गाडीप्रमाणें पाय चालूं लागले. ती पुढें गेली. पण वळणावर थांबून राहिली होती. तिकडच्या रीतीप्रमाणें पिशवींतून संत्रें काढून तिनें सोललें, अर्धें आमच्या हातावर ठेविलें व विचारलें, "बाबा, परतायचें?"

"नाहीं," आम्ही म्हणालों, "अजून थोडें पुढें जाऊं."