पर्जन्याशी तह

डनेडिनला नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आमच्या मुलीने फियॉर्डलँडच्या राष्ट्रीय उद्यानात जाण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा पुण्यात बसून त्या प्रवासाची साद्यंत तजवीज करण्याचे काम मी आपण होऊन पत्करले. कारण प्रवासाइतकाच, किंबहुना त्याहून थोडा अधिकच, मला त्याच्या पूर्वतयारीत रस वाटतो. नकाशा पसरला, मुक्कामांची फर्द आखली आणि पहिल्याच रकान्यात अडलो: महिना कोणता धरावा?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा नैर्ऋत्य कोपरा व्यापणारा, 1952 साली राष्ट्रीय उद्यान झालेला, बारा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराचा हा मुलूख प्रामुख्याने पर्जन्याच्या अंमलाखाली आहे. आपल्या सह्याद्रीवर नैर्ऋत्येचे वारे चार महिने कोसळून मोकळे होतात. तेथे टास्मान समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे बारा महिने त्या पर्वतभिंतींवर आदळतात, आणि मिल्फर्ड साउंड या तेथील खाडीला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. त्यातल्या त्यात कोरडा काळ हिवाळ्याचा, पण हिवाळ्यात आणि पुढे वसंतातही हिमलोट कोसळण्याच्या भयाने रस्ता केव्हा बंद होईल याचा नेम नाही. मी कोरड्या दिवसांचा हिशेब मांडीत असता मुलगी दूरध्वनीवर म्हणाली, "बाबा, कोरडंच बघायचं तर तिकडे कशाला जायचं? पाऊस पडला तरच ते बघण्यासारखं असतं."

तिचे म्हणणे मी पडताळून पाहिले, आणि ते अक्षरशः यथार्थ ठरले. कोकणच्या खाड्यांत सागर शिरला तो नद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत. येथे हिमनद्यांनी शेकडो मीटर खोल तासलेल्या दऱ्यांत तो शिरला आहे, म्हणून कडे पाण्यातून थेट उभे राहतात. त्या कड्यांवर माती जवळजवळ नाहीच. शेवाळाच्या पातळ थरावर एकमेकांत मुळे गुंतवून अरण्य उभे असते. एक वृक्ष सुटला तर कधी कधी सारी उतरणच घसरते. पाऊस मुरायला जागा नसल्याने सर येताच शेकडो धबधबे प्रकट होतात आणि ती ओसरल्यावर काही तासांतच बहुतेक लुप्त होतात. जंगलातून झिरपून कोऱ्या चहाच्या रंगाचे झालेले ते गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर थर धरते, सूर्यप्रकाश अडवते, आणि अन्यत्र खोल समुद्रात वाढणारे काळे पोवळे तेथे उथळ पाण्यातच सापडते. इतके वाचल्यावर 'हवामान' नावाचा रकाना मी निमूटपणे खोडून टाकला.

मार्चचा उत्तरार्ध ठरला. स्थळाचा प्रश्न मात्र घरात चिघळला. मिल्फर्डला पश्चिम किनाऱ्यापर्यंत सलग पोचणारा, ते आनाऊ या गावाहून सुमारे 120 किलोमीटरांचा मोटाररस्ता आहे. मंदीच्या काळात, 1935 साली, कुदळींनी खोदायला घेतलेल्या होमर बोगद्यातून तो पलीकडे उतरतो. डाउटफुल साउंड या दुसऱ्या खाडीला जायचे तर मानापौरी सरोवर नावेतून ओलांडावे, जलविद्युत प्रकल्पासाठी काढलेल्या रस्त्याने विल्मट खिंड चढून उतरावी आणि पुन्हा नावेत बसावे. 1770 साली कॅप्टन कुक या खाडीच्या मुखाशी येऊनही आत शिरला नाही, कारण आत नेणारा वारा बाहेर आणील याची त्याला खात्री नव्हती. सौभाग्यवतींनी मिल्फर्डचा पक्ष घेतला, कारण छायाचित्रांत पाहिलेला माइटर पीकचा सुळका तेथे आहे. मी, इतके सायास करावे लागतात तेथे गर्दी विरळ असणार या न्यायाने, डाउटफुलचा. अखेर दोन्ही मंजूर झाली, आणि त्यापायी चार दिवसांच्या प्रसिद्ध मिल्फर्ड पायवाटेचा बेत रद्द झाला. आमचे गुडघे पाहता त्याचे फारसे दुःख कोणालाच झाले नाही.

राहता राहिली सँडफ्लाय ही चावरी माशी. माओरी आख्यायिका सांगते की, हे सौंदर्य पाहून मानव तेथेच रेंगाळू नयेत म्हणून हिने-नुई-ते-पो या देवतेने ती सोडली. वारा सुटला की ती निष्प्रभ होते, अंधारात सहसा चावत नाही, गडद रंगाच्या कपड्यांकडे मात्र धावते. तेव्हा फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे सदरे, मलम, छत्र्या आणि पावसाळी विजारी असा तपशील मुलीकडे रवाना केला. तिने तो मान्य केला, मलम दुप्पट केले, छत्र्या वगळल्या, आणि ते आनाऊला कुठलाही बेत न योजलेला एक जादा मुक्काम नोंदवून त्याची आगाऊ रक्कमही भरून टाकली.