न्यूट्रॉन पोचायच्या आत

ड्यूटेरियम आणि ट्रिशियमची केंद्रकं जुळली की बहुतेक वेळा १४.१ एमईव्हीचा न्यूट्रॉन सुटतो. लाखभर वेळा जुळली, तर जेमतेम दोन-चारदा गॅमा किरण निघतो, सुमारे १६.७ एमईव्हीचा. फ्यूजनचे गॅमा मोजायचे म्हणजे हे दोन-चार वेचायचे. म्हणून डिटेक्टर आखायला बसलो की त्याला काय दिसू नये, ते मी आधी ठरवतो.

वळवाच्या दिवसांत आमच्या धाराशिवकडे वीज लखलखली की गडगडाट येईपर्यंत पोरं आकडे मोजतात. इथेही अंतरच कामी येतं. लेसरने इंधनाची गोळी पेटवली, की सहा मीटरवरच्या डिटेक्टरपाशी गॅमा २० नॅनोसेकंदांत पोचतो; न्यूट्रॉनला सुमारे ११७ लागतात. मधला अवधी आपला. पण सोडियम आयोडाइडचा स्फटिक उजळून विझायला दोन-अडीचशे नॅनोसेकंद घेतो. गॅमाचा उजेड ओसरण्याआधीच न्यूट्रॉन दारात! लँथनम ब्रोमाइड पंधरा-वीसमध्ये मोकळा होतो. महाग आहे, हवेतली ओल त्यालाही सोसत नाही, तरी मी तोच घेईन.

गोळीच्या कवचातल्या कार्बनवर न्यूट्रॉन आपटला की ४.४४ एमईव्हीचा गॅमा निघतो. तो खऱ्या गॅमाच्या बरोबरीनेच धावतो, तिथे घड्याळाचं काही चालत नाही. अमेरिकेत लिव्हरमोरच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत त्यासाठी वायूने भरलेला डिटेक्टर आहे. गॅमा आधी एका चकतीतून इलेक्ट्रॉन उडवतो. तो इलेक्ट्रॉन वायूतल्या प्रकाशाच्या वेगाला मागे टाकील तरच चेरेन्कोव्ह प्रकाश पडतो. वायूचा दाब उतरवला की उंबरठा चढतो आणि ४.४४ वाले दिसेनासे होतात. आमच्या धंद्यात याहून देखणी युक्ती मी पाहिलेली नाही.

खरा घोर पुढे असतो, कॅलिब्रेशनचा. सीझियमचा स्रोत ०.६६२ एमईव्ही देतो, अमेरिशियम-बेरिलियमचा ४.४४. तिथून १६.७ पर्यंत नुसती रेघ ओढणं मला पटत नाही. ट्रॉम्बेच्या पूर्णिमा प्रयोगशाळेत आहे तसं न्यूट्रॉन जनित्र हवं. त्यात ड्यूटेरॉनचा झोत ट्रिशियमच्या लक्ष्यावर पडतो. प्रत्येक न्यूट्रॉनबरोबर एक अल्फा कणही सुटतो, तो मोजला की संमीलनं किती झाली ते कळतं. मग लक्ष्य आणि डिटेक्टर यांच्या मध्ये शिशाचा जाड ठोकळा ठेवून एकदा मोजायचं, ठोकळा काढून पुन्हा मोजायचं. ठोकळा असताना जे येतं, ते भिंतींवरून आणि जमिनीवरून आलेलं. ते वजा करायचं.