घोडा आणि घोरा

ठाणे, कल्याण, भिवंडीकडच्या आगरी माणसांना 'ळ' आणि 'ण' म्हणता येत नाहीत, असं शहरात सर्रास बोललं जातं. बोलींची अभ्यासक म्हणून मला हे वाक्य सहन होत नाही. आगरीत 'काळा'चं 'काला' होतं, 'पाणी'चं 'पानी', 'गाडी'ची 'गारी'. पण 'डोळा' म्हणताना तोच माणूस 'डोला' म्हणतो, 'रोला' म्हणत नाही. शब्दारंभीचा 'ड' शाबूत राहतो आणि दोन स्वरांमध्ये आला की त्याचा 'र' होतो. म्हणून घोडा 'घोरा', पडला 'परला', कोळीवाडा 'कोलीवारा'. नुसत्या जड जिभेतून असा काटेकोर नियम निघत नाही. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणातल्या मराठीवरच्या सातव्या खंडात, १९०५ साली, आगरी, कोळी, वारली यांचे नमुने छापले गेले आहेत. आपल्या शाळांच्या कानांवर मात्र ही व्यवस्था अजून पडलेली नाही.

प्रमाण मराठी तरी बोलल्यासारखी कुठे लिहिली जाते? 'चार' आणि 'चारा' यांतले 'च' वेगळे, अक्षर एकच. इटलीतही तसंच. प्रमाण इटालियन फ्लोरेन्सच्या बोलीवर उभी राहिली, पण खुद्द फ्लोरेन्समध्ये 'ला कासा' म्हणजे घर हे 'ला हासा' असं ऐकू येतं. लिहिताना सगळे 'कासा'च लिहितात. नेपल्सची बोली लिहायची असेल तेव्हा मात्र तिचं स्वतःचं लेखन वापरतात. हे दोन व्यवहार वेगळे आहेत, आणि आपली गल्लत नेमकी इथेच होते. १९६२ साली शासनाने स्वीकारलेले आणि १९७२ साली वाढवलेले लेखननियम प्रमाण मराठीसाठी आहेत. अर्ज, बातमी, पाठ्यपुस्तक त्यांनुसारच हवं. आगरी गाण्याला किंवा कथेला ते लावले की बोली जाते आणि प्रमाण मराठीही धड उरत नाही.

आज आगरीत गाणी होतात, फोनवर निरोप जातात, डोंबिवलीत आगरी महोत्सव भरतो. लेखन मात्र डळमळतं. एकाच मजकुरात वरच्या ओळीत 'पानी', खालच्या ओळीत 'पाणी'. कोणी 'मला'साठी 'मना' लिहितो आणि पुढे 'घोडा' तसाच ठेवतो. अडचण खरी आहे: 'वाडा' उच्चाराप्रमाणे 'वारा' लिहिला तर वाचणाऱ्याला वाऱ्याची झुळूक आठवेल. तरीही माझं मत 'वारा' लिहावा असंच आहे. 'चारा'तला 'च' आपण संदर्भाने ओळखतो, तसा हाही ओळखू. निम्मं प्रमाण, निम्मं बोलीतलं लिहिलं तर पुढच्या पिढीला कोणता उच्चार खरा होता तेच कळणार नाही.

आगरीत लिहिणाऱ्यांनी एकत्र बसून 'ळ', 'ण' आणि मधल्या 'ड'पुरते तीन नियम ठरवावेत आणि पाळावेत. बाकीच्यांनी घरातल्या आजीआजोबांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवावं, सोबत गावाचं नाव आणि साल नोंदवावं. आणि संपादकांना विनंती: आगरी मजकुरातला 'घोरा' दुरुस्त करू नका.