आठ पाऊण सहा

लालबागच्या आमच्या खोलीत दिवेलागणीला परवचा व्हायचा. शुभंकरोती झाली की आजोबा भिंतीला टेकून बसायचे आणि शाळेत कुणीही विचारत नव्हतं ते सगळं आमच्याकडून म्हणवून घ्यायचे. पावकी, निमकी कशीबशी जमायची. पाऊणकीत मात्र सव्वा, साडे, पावणे यांची अशी भेळ व्हायची की ‘पाच पाऊण पावणेचार’ला जीभ हमखास अडखळायची. आजोबा माण तालुक्यातले, पायलीने ज्वारी मोजणाऱ्या घरातले. त्यांना ते लागत असेल. मला ते कशाला, असं विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

१९९४च्या एप्रिलमध्ये बीकॉमची परीक्षा संपली आणि आम्ही चौघांनी समुद्रातले किल्ले बघायचं ठरवलं. प्रत्येकी अडीचशे रुपये, तीन दिवस, तीन बेटं. गेटवेहून मांडव्याची लाँच परवडेना म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रेवसची पकडली आणि तिथून एसटीने अलिबाग. साडेनऊला किनाऱ्यावर पोचलो तर कुलाबा किल्ला समोर, आणि मध्ये चांगलं हेलकावणारं पाणी. ‘चालत जाता येतं’ एवढंच आम्ही ऐकून आलो होतो. ते कधी, हे विचारायचं राहिलं होतं.

टांगेवाल्याने सांगितलेल्या आकड्यात आमचं एक जेवण बसत होतं. आम्ही वाळूत बसलो. शेजारी एक मावशी कोयत्याने ताडगोळे सोलत होती. वर न बघताच म्हणाली, “आज तिथी कंची?”

टपरीवरच्या कालनिर्णयात बघून आलो. अष्टमी.

“मंग आठ पाऊन?”

“सहा,” मी म्हणालो. विचार न करता. परवच्याला बसल्यासारखा.

तिने तेव्हा कुठे मान वर केली. हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहाला भरती, म्हणून बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. कृष्ण पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, पाणीही त्याच्या मागोमाग तेवढंच रेंगाळतं. पाऊण तास हा त्याचाच ढोबळ हिशेब. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण पायी जाणाऱ्याला तेवढं चालतं. ज्या पाढ्याने मला रडवलं, तो कोरड्या माणातून येऊन इथे समुद्राला लागू पडत होता. आजोबांनी तर समुद्र लालबागला आल्यावरच पाहिला.

बारा वाजले, पँटी दुमडून आम्ही उतरलो. निम्म्या वाटेवर पाणी मांड्यांना लागलं. डोक्यावर पिशव्या, पिशव्यांत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. एकाच्या पिशवीचा बंद सुटला आणि चटणी अरबी समुद्रात गेली. मागून मावशीचं हसणं ऐकू येत होतं. अष्टमीचा भांग! सूर्य-चंद्राची ओढ काटकोनात असते तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरतही नाही. पाऊणकी वेळ सांगते, खोली सांगत नाही. हे तिने आधी सांगितलं असतं तर ताडगोळे जास्त घेतले असते.

किल्ल्यात आंग्र्यांनी बांधलेल्या गणपतीच्या देवळापाशी सावली होती आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोडं पाणी. तटाचे अजस्र दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचलेले. लाट आली की फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो.

दुसऱ्या दिवशी जंजिरा. शिडाच्या होडीतून अगदी भिंतीला भिडेपर्यंत दरवाजा दिसत नाही आणि दिसला की आपण त्याच्या तोंडात असतो. एवढंच सांगतो, बाकी जंजिऱ्याबद्दल सगळ्यांनी सगळं लिहिलंय.

तिसरा पद्मदुर्ग. जंजिऱ्याच्या सिद्दीवर वचक बसावा म्हणून शिवाजी महाराजांनी मुरूडसमोर कांसा बेटावर उभा केलेला. तिथे नेहमीची होडी नव्हती. एका कोळीदादांशी घासाघीस करून परतीच्या एसटीपुरते पैसे बाजूला ठेवले आणि निघालो. तिथे पाहिलेली भिंत मात्र विसरलो नाही. खाऱ्या वाऱ्याने दगड बोटभर आत झिजलेत आणि दोन दगडांमधला चुना तसाच उभा. लांबून मधाचं पोळं वाटतं. मी त्या एका कप्प्यात मूठ घातली, ती मनगटापर्यंत आत गेली. कुलाब्याला चुन्याशिवाय दगड टिकलेले, इथे दगडापेक्षा चुना टिकाऊ. एकाच समुद्राने दोन वेगळे न्याय दिले म्हणायचे.

त्यानंतर मला एक खोड लागली. पत्रिका आली, तिथी वाचली की भरती निघते. मुलगी त्रयोदशीची, पावणेदहा. आजोबा गेले ते द्वादशीला. बारा पाऊण नऊ. गावी, माणमध्ये, विहिरीचा तळ दिसत होता तेव्हा. खांदा देताना डोक्यात ते ‘नऊ’ वाजत होतं, त्याची लाजही वाटली.

चौघांतला एक हल्ली ठाण्यात असतो. गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. मागे वारा घोंघावत होता.

“अलिबागला उभा आहे. बायको बरोबर आहे. दशमी आहे, सांग.”

“फोनवर दिसतं रे भरती-ओहोटी.”

“दिसतंय. तू सांग.”

“साडेसात. म्हणजे दीडला ओहोटी.”

“पाणी?”

“गुडघा तरी भिजेल.”

“चटणी नाही आणलेली,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.